तात्पुरती व्यवस्था

हुकूम तीन ओळींचा होता. ‘दिवेवाला मयत झाल्याचे समजले. योग्य इसम मिळेपर्यंत मयताच्या बायकोने दिवा लावीत जावा. ही व्यवस्था तात्पुरती समजावी.’ सरकारला योग्य इसम दोनदा मिळाला आणि दोन्ही वेळा पळाला. तिसऱ्यांदा मिळाला तो तर आलाच नाही. तोवर एकोणीस वर्षं झाली होती आणि दिवा रोज वेळेवर लागत होता.

दीपगृहाच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी, टेकडीच्या उताराखाली जे लहानसं बंदर होतं, तिथल्या लोकांनी हुकूम वाचला नव्हता, पण त्यातला नेमका शब्द उचलला होता. बाईला सगळे ‘तात्पुरती’ म्हणत. ‘तात्पुरतीकडून चार अंडी घेऊन ये’, ‘तात्पुरतीची कोंबडी परत आमच्या अंगणात’, ‘तात्पुरतीला विचार, वारा कधी पडेल’. तोंडावर कुणी म्हणत नसे. पण दगडी भिंतींना कान असतात आणि सासूबाईंना तर भिंतींपेक्षा चांगले होते. त्या खाली पाणी भरायला गेल्या की ऐकून येत आणि चुलीपाशी बसून सुनेला सांगत.

“आज काय म्हणत होते?” ती विचारायची.

“तेच. मी म्हटलं, अरे, तुमची घरं मागच्या वादळात उडाली, ती कायमची होती ना? आमची तात्पुरती उभी आहे अजून.”

सासूबाई बोलून मोकळ्या व्हायच्या. हिला ते जमत नसे. हिचा राग आत जाऊन बसायचा आणि तिथेच राहायला लागायचा, भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखा.

काम तिला नवऱ्याने शिकवलं असं सरकारदरबारी धरलं जाई. खरं तर उलटं होतं म्हणायला हरकत नाही. ज्योतीकडे बघून बघून त्याची नजर अधू झाली. शेवटची चार वर्षं वाती कातरणं, चिमणीची काच बदलणं, भिंग पुसणं, वही लिहिणं, सगळं तीच करी. तो खालच्या पायरीवर बसून जहाजांचे भोंगे ऐके आणि कुठलं जहाज ते बरोबर सांगे. काम तिचं आणि नाव त्याचं, अशी ती घडी होती. तो गेल्यावरही ती तशीच राहिली. त्याच्या मरणाने घरात फार फरक पडला, कार्यालयात काही पडला नाही.

आणि काम म्हणजे काडी ओढली की झालं, असं नव्हतं. मनोऱ्याला एकशे बारा पायऱ्या. तेलाचे डबे खालच्या कोठीतून वर न्यायचे, दोन हातांत दोन, म्हणजे तोल जात नाही. वर माणसापेक्षा उंच असं भिंगांचं कपाट, शेकडो तिरक्या काचांचं. ते मऊ कातड्याने रोज पुसायचं, एकाच दिशेने, नाहीतर ओरखडे उठतात. सूर्य उगवला की दिवा विझवून चारी बाजूंनी पडदे ओढायचे. पडदा विसरला तर ऊन भिंगातून शिरून एका ठिकाणी गोळा होतं आणि समोर जे असेल ते पेटतं. पहिल्या वर्षी तिच्या पदराला भोक पडलं होतं. सगळ्यात चिकट काम म्हणजे यंत्राची चावी. भिंगांचं कपाट ज्योतीभोवती फिरायचं ते एका जड वजनाच्या ओढीने. साखळीला टांगलेलं ते वजन मनोऱ्याच्या पोकळीतून हळूहळू खाली उतरे. तीन तासांत तळाला टेके. टेकायच्या आत चावी फिरवून ते पुन्हा वर घ्यायचं, दोनशे चाळीस वेढे. म्हणजे एकोणीस वर्षांत रात्री ती सलग तीन तासांपेक्षा जास्त कधी झोपली नव्हती. डॉक्टर लोक याला आजार म्हणतात. सरकार व्यवस्था म्हणत होतं.

भिंग फिरे तसा समुद्रावर झोत फिरे. लांबून बघणाऱ्याला दर दहा सेकंदांना एक लखकन उजेड. याला दिव्याची ‘चाल’ म्हणतात. प्रत्येक दिव्याची चाल वेगळी असते. जहाजवाले घड्याळ हातात धरून मोजतात, छापील यादीत बघतात आणि ओळखतात की हा अमक्या ठिकाणचा दिवा. माणसाला चेहरा तशी दिव्याला चाल. तिच्या दिव्याची चाल दहाची, आणि एकोणीस वर्षांत ती अर्ध्या सेकंदानेही ढळली नव्हती. तिचा एवढा एकच गर्व होता. गर्व करायला तिला दुसरं काही दिलंही नव्हतं.

राग मात्र भरपूर दिला होता. त्याची सुरुवात वहीपासून झाली.

वहीत रोज लिहायचं: दिवा किती वाजता लावला, किती वाजता विझवला, वारा, पाऊस, धुकं, दिसलेली जहाजं, शेरा. शेवटच्या रकान्यात ‘दिवेवाल्याची सही’. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात तिने त्या रकान्यात सात दिवस स्वतःचं नाव घातलं. अक्षर वळणदार होतं. पान तपासणीला शहरात गेलं आणि लाल शाईने भरून परत आलं. कार्यालयातल्या मोठ्या कारकुनांनी लिहिलं होतं, ‘सहीचा अधिकार दिवेवाल्यास आहे. आपण दिवेवाला नाही. आपण दिवेवाल्याकरिता सही करावी.’

तिने उलट लिहिलं, ‘दिवेवाला मरण पावला आहे.’

उत्तर आलं, ‘त्याची नोंद कार्यालयात आहे. वरीलप्रमाणे करावे.’

तेव्हापासून ती रोज नवऱ्याचं नाव लिहायची, खाली ‘करिता’ लिहायची आणि त्याखाली, शाई संपल्यासारखं बारीक, आपलं. सासूबाई एकदा वहीत डोकावल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मुलाच्या नावाचा आकार ओळखू यायचा.

“हा रोज सही करतो?”

“रोज.”

“जिवंत होता तेव्हा एका सहीला अर्धा तास लावायचा. मेल्यावर बरी शिस्त लागली.”

हसता हसता सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठून एकशे बारा पायऱ्या चढली आणि आधीच लख्ख असलेलं भिंग पुन्हा पुसून काढलं. कार्यालयाला कधी कळलं नाही, पण त्या किनाऱ्यावर तिच्याइतकी स्वच्छ काच कुठल्याच मनोऱ्यात नव्हती, आणि तिच्यातली निम्मी चकाकी संतापाची होती.

दर वर्षी ती एक अर्ज करी: मला पक्की दिवेवाली करावं. उत्तरं तीन प्रकारची येत. एक, अर्ज विचाराधीन आहे. दोन, अर्ज विहित नमुन्यात नाही. तिसरं फक्त एकदाच आलं, पण ते तिला पाठ होतं: ‘नियमावलीत दिवेवाला या पदास स्त्रीलिंगी रूप नाही, सबब नेमणूक करता येत नाही.’

“रूप नाही?” सासूबाई म्हणाल्या. “मास्तरीण आहे, शिंपीण आहे, राणीसुद्धा आहे. आणि या गोऱ्यांच्या देशात गादीवर बसलीये ती कोण? का तीपण तात्पुरती?”

“अहो आई, हळू.”

“हळू कशाला? इथे ऐकायला कोंबड्याच आहेत. त्या फितूर नाहीत.”

पक्के दिवेवाले येऊन गेले त्यांचंही सांगायला हवं. पहिला चौथ्या वर्षी आला. धिप्पाड, मिशीवाला. सज्जात जाऊन त्याने खाली पाहिलं आणि पायऱ्या बसून, एकेक करत, उतरला. दुसरा आठव्या वर्षी आला आणि नऊ दिवस टिकला. दहाव्या सकाळी तो मालाच्या होडीतून निघून गेला. टेबलावर चिठ्ठी होती, ‘येथे वारा फार आहे.’ दोघांनाही तिनेच जेवू घातलं, चावी फिरवायला शिकवलं, आणि ते गेल्यावर कार्यालयाचं पत्र आलं की पूर्वीची तात्पुरती व्यवस्था पुढे चालू ठेवावी.

तिसरा म्हणजे खुद्द मोठ्या कारकुनांचा मेहुणा. नेमणूक अठराव्या वर्षाच्या शेवटी झाली. पण त्याची पाठ दुखत होती आणि ती बहिणीच्या घरी, शहरातच दुखत होती. रुजू व्हायची तारीख दर महिन्याला पुढे जाई. सासूबाईंनी न बघताच त्याला नाव ठेवलं, पाठदुख्या. मोठ्या कारकुनांनी मात्र एक काळजी घेतली. दीपगृहाला जाणारं प्रत्येक रजिस्टर टपाल ते मेहुण्याच्या नावाने पाठवू लागले. जितक्या कागदांवर नाव, तितकी नोकरी घट्ट. आपला माणूस म्हटल्यावर एवढं करावंच लागतं.

त्यामुळे झालं असं, की पोस्टात एक पाकीट येऊन पडलं. लाखेच्या लाल मोहरेचं. पोस्टमास्तर तिच्या नवऱ्याचा दोस्त, स्वभावाने गरीब, नियमाला देवापेक्षा जास्त भिणारा.

“भाऊजी, ते आमच्याकडचं पाकीट ना?”

“दीपगृहाचं आहे वहिनी. पण नाव बघा. ‘यांच्याच हाती द्यावे.’ तुम्ही हे आहात का?”

“मी हे असते तर पाठ धरून बसले असते.”

“मग कसं देऊ? ते आले की देतो.”

“ते येणार नाहीत.”

“मग परत पाठवीन. पण परत पाठवायला साठ दिवस थांबावं लागतं. नियम आहे.”

ती दोनदा गेली, तीनदा गेली. चौथ्या वेळी पोस्टमास्तरांनी तिला लांबून येताना पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. खिडकीच्या फळीवर तिने एक चापट मारली, एवढी की आतले शिक्के उडाल्याचा आवाज आला. मग ती परत फिरली, कारण दिवा लावायची वेळ होत आली होती.

चाळीस दिवस पाकीट खणात होतं. एक्केचाळिसाव्या पहाटे एक मालाची आगबोट मनोऱ्याच्या बरोबर खालच्या खडकांवर चढली.

धुकं नव्हतं. आभाळ धुतल्यासारखं होतं. तिने आवाज ऐकला, कुणी लोखंडी कपाट जिन्यावरून ओढत नेतंय असा, आणि वरून पाहिलं तर आगबोट खडकांवर आडवी. ती धावत उतरली, मच्छीमारांना उठवलं, स्वतः होडीत बसली. अकरा जण निघाले. तिघे नाही निघाले: दोन भट्टीवाले आणि स्वयंपाकी. स्वयंपाक्याचं प्रेत दुपारी लागलं. कमरेला फडकं तसंच खोचलेलं होतं.

अकरा जण तिच्या दोन खोल्यांत दाटीवाटीने बसले. सासूबाईंनी घरातलं होतं नव्हतं ते सगळं चुलीवर चढवलं. कप्तान भिंतीला टेकून बसला होता, अंगावर तिच्या नवऱ्याची जुनी घोंगडी. तो म्हणाला, “हा दक्षिणेचा नवा दिवा ना?”

“नाही. तो वीस कोस खाली. हा जुना.”

“कसं शक्य आहे? मी मोजली. दहाची चाल.”

“माझी चाल दहाचीच आहे. एकोणीस वर्षं.”

कप्तानाने कोटाच्या आतल्या खिशातून ओली यादी काढली. नवी छापलेली. पानं एकमेकांना चिकटली होती; त्याने ती नखाने सोडवली आणि बोट ठेवलं. दक्षिणेचा नवा दिवा, चाल दहा. हा दिवा, चाल पंधरा, महिन्याच्या पहिल्या तारखेपासून.

ती ते आकडे बघत राहिली. दक्षिणेला नवा दिवा होतोय हे तिच्या कानावर होतं. त्याला तिची चाल दिली आणि तिची बदलली, हे कुणी सांगितलं नव्हतं. यंत्रावर एक पितळी स्क्रू होता. तो पाव फेरा फिरवला असता तर भिंग हळू झालं असतं. पाव फेरा. तिची चाल चुकली असती, एखाद्या रात्री डोळा लागून यंत्र थांबलं असतं, तर कप्तानाला संशय तरी आला असता. तिने काम इतकं चोख केलं होतं, की तीन माणसं मेली.

मग तिला लाल मोहर आठवली.

ती तशीच, ओल्या लुगड्यात, पोस्टात गेली. पोस्टमास्तरांनी या वेळी खिडकी लावली नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी खण उघडला आणि पाकीट पुढे केलं.

“घ्या वहिनी. घेऊन टाका. मी कुणाला सांगणार नाही.”

“आता देताय?” ती म्हणाली. आवाज चढला नाही, याचीच पोस्टमास्तरांना जास्त भीती वाटली. “आता नको. ठेवा खणात. मोहर फुटता कामा नये. कुणीही मागितलं, मोठे कारकून स्वतः आले, तरी द्यायचं नाही. नियम आहे ना? पाळा.”

चौकशी बंदरखात्याच्या कचेरीत झाली. लांब टेबल, हिरवं कापड, वर हातपंखा ओढणारा माणूस. मधे साहेब, गोरे, तांबूस, घामाने त्रासलेले. उजवीकडे मोठे कारकून, कागदांच्या गठ्ठ्याआड. डावीकडे आगबोटीच्या कंपनीचे वकील. ती भिंतीशी उभी होती. तिला बसायला सांगावं की नाही याबद्दल नियमावलीत काही नव्हतं.

साहेब आपल्या भाषेत विचारत आणि मोठे कारकून ते मराठीत सांगत. पहिला प्रश्न त्यांनी असा सांगितला: “बाई, साहेब विचारतात, तुझी चाल चुकीची का होती?”

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मग तीन-चार जण हसले.

“माझी चाल तुमच्या तोंडी शोभत नाही,” ती म्हणाली. “दिव्याची विचारा.”

हसणं थांबलं. मोठे कारकून खाकरले. दिव्याची विचारली. तिने सांगितलं: दहा.

“पंधरा करायचा हुकूम गेला होता.” त्यांनी जावक वही उघडून साहेबांपुढे धरली. “हे बघा. तारीख. ‘दिवेवाला यांस रवाना.’ हिने पाळला नाही. बाईमाणूस आहे साहेब, तरी आम्ही इतकी वर्षं दया म्हणून…”

“कुणाला रवाना?” तिने विचारलं.

“दिवेवाल्याला.”

“मग दिवेवाल्याला विचारा. मी दिवेवाला नाही.”

“दिवा कोण लावतं?”

“मी लावते. पण दिवेवाला नाही. तुमच्याच लाल शाईत आहे.” तिने बोचक्यातून वह्या काढल्या. एकोणीस वर्षांच्या एकोणीस वह्या ती डोक्यावरून घेऊन आली होती. तिने एकेक करून त्या हिरव्या कापडावर ठेवल्या. आपटल्या म्हणणंच बरोबर. शेवटच्या वहीला साहेबांची दौत कलंडली. “रोजची सही बघा. खाली ‘करिता’ आहे. दिवेवाला तुमच्या नोकरीत आहे, एकोणीस वर्षांपूर्वी मेलेला आहे. समन्स त्याला काढा.”

कंपनीचे वकील हळूच पुढे झुकले. ते इतका वेळ कंटाळून नखं बघत होते. आता त्यांच्या चेहऱ्यावर लग्नघरच्या माणसासारखा आनंद दिसू लागला. “म्हणजे माझ्या अशिलाची आगबोट,” ते म्हणाले, “सरकारने एका मृत माणसाच्या भरवशावर सोडली होती, असं नोंदवून घ्यावं.”

साहेब तांबूस होते ते लाल झाले. त्यांनी जेवणाची सुट्टी जाहीर केली.

जेवणाच्या सुट्टीत काय झालं ते पंखा ओढणाऱ्याने नंतर सांगितलं. त्याला कुणी माणसात धरत नसे, त्यामुळे त्याच्यासमोर सगळं बोललं जाई; ऐकून ऐकून त्याला साहेबांची भाषा कळू लागलीये, हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. साहेब म्हणाले, दिवेवाला नव्हता असं झालं तर दोष सरकारचा. होता असं झालं तर दोष त्याचा. सोपं आहे. बाईला दिवेवाला करा. आजपासून नाही, एकोणीस वर्षांपूर्वीपासून. मग हुकूम तिला गेला, तिने मोडला, तिला काढून टाका. मोठे कारकून म्हणाले, “पण साहेब, त्या जागेवर एक दुसरे गृहस्थ…” “ते रुजू झालेत?” “नाही, त्यांची पाठ…” “रद्द करा.” मेहुण्याचं नाव पाकिटावर आहे आणि पाकीट कुठे आहे ते माहीत नाही, हे साहेबांना कुठल्या भाषेत सांगावं ते मोठ्या कारकुनांना सुचेना. दोन्ही भाषा येत असून.

सुट्टीनंतर हुकूम वाचला गेला. सदर बाई पतीच्या मृत्यूच्या तारखेपासून दिवेवाला या पदावर कायम समजण्यात यावी.

“पुन्हा वाचा,” ती म्हणाली.

वाचला.

“आणखी एकदा. ‘कायम’पासून.”

“बाई, वेळ जातोय,” मोठे कारकून म्हणाले.

“एकोणीस वर्षं गेली. दोन मिनिटं जाऊ देत.”

तिसऱ्यांदा वाचल्यावर तिने शिक्क्यानिशी नक्कल मागितली. कंपनीच्या वकिलांनी ती मिळेल असं पाहिलं. नक्कल घडी करून कमरेला खोचल्यावर ती म्हणाली, “आता मी दिवेवाला. तेव्हाही होते. दिवेवाल्याच्या नावचा हुकूम म्हणजे माझ्या नावचा असणार. पोस्टमास्तर बाहेर बसलेत. बोलवा.”

पोस्टमास्तर आले. पाकीट दोन्ही हातांनी धरलं होतं, जिवंत असल्यासारखं. मोहर शाबूत. साहेबांनी पत्ता वाचला. मग नाव वाचलं. मग मोठ्या कारकुनांकडे पाहिलं.

“हे कोण?”

मोठे कारकून कागदांचा गठ्ठा सारखा करू लागले. भिंतीपासून ती म्हणाली, “तुमच्या मोठ्या कारकुनांच्या बायकोचा भाऊ. पाठ दुखते त्याची.”

या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांनी मोहर फोडली. आत अर्धा कागद होता: चाल दहाची पंधरा करावी.

“तीन माणसं मेली यापायी,” ती म्हणाली. तिचा आवाज आता खोलीत मावत नव्हता. पंखा ओढणाऱ्याचा हात थांबला. “मी चारदा गेले होते पोस्टात. चारदा! माझ्या हातात दिलं असतं तर स्क्रू फिरवायला मला जेवढा वेळ लागला असता, तेवढ्यात तुम्हाला घाम पुसून होत नाही. भट्टीवाले दोघं पोरगेसे होते. तुमच्या नियमावलीत स्त्रीलिंगी रूप नव्हतं ना? म्हणून मेले ते.”

मोठ्या कारकुनांनी याचं भाषांतर केलं नाही. वकिलांनी केलं, शब्दन् शब्द.

अहवाल सहा आठवड्यांनी आला. त्या पहाटे दाट धुकं होतं. दोष कोणाचाही नाही. कंपनीशी बाहेरच्या बाहेर समझोता झाला होता आणि वकिलांचा आनंद ओसरला होता. मोठे कारकून दुसऱ्या खात्यात गेले, बढतीवर. कायमचा हुकूम मात्र मागे घेता येईना. भर चौकशीत तीनदा वाचला होता आणि शिक्क्याची नक्कल बाहेर होती. खाली बंदरात लोक तिला अजून ‘तात्पुरती’च म्हणत. सवयीला सरकारी हुकूम लागू होत नाही.

“आता तरी जरा शांत हो,” सासूबाई म्हणाल्या. “जिंकलीस.”

“काय जिंकले? धुकं होतं म्हणे.”

“मी होते की तिथे. तारे मोजता येत होते.”

“तेच म्हणतेय मी.”

ती वर गेली आणि वही काढली. कायम दिवेवाल्याला शेऱ्याच्या रकान्यात अपघाताची हकीकत लिहायचा अधिकार होता, तात्पुरत्याला नव्हता. तिने त्या पहाटेच्या तारखेसमोर लिहिलं: आभाळ स्वच्छ. धुके नाही. चाल बदलण्याचा हुकूम भलत्याच माणसाच्या नावे पाठवल्याने एक्केचाळीस दिवस पोस्टात. आगबोट खडकावर. तीन मृत. खाली स्वतःची सही.

साहेब महिन्याभराने स्वतः तपासणीला आले, नवा दुभाषा घेऊन. एकशे बारा पायऱ्या चढून त्यांना धाप लागली होती. भिंग पाहिलं, यंत्र चालवून पाहिलं, चाल घड्याळावर मोजली, पंधरा, बरोबर. खूष झाले. मग भिंगाखालच्या खोलीत येऊन वही उघडली आणि ते पान लागलं. बराच वेळ वाचलं, म्हणजे दुभाष्याने वाचून दाखवलं.

“हे खोडावं लागेल,” दुभाषा म्हणाला. “साहेब म्हणतात, अहवालाशी जुळत नाही.”

“मग अहवाल खोडा.”

दुभाष्याने साहेबांना काय सांगितलं कोण जाणे. पण साहेबांनी खिशातून स्वतःचा टाक काढला. तिने वहीच्या पहिल्या पानावरचे छापील नियम उघडून बोट ठेवलं. नववा नियम: नोंदीत खाडाखोड करणे झाल्यास ती दिवेवाल्याने स्वहस्ते करावी; इतर कोणाही अधिकाऱ्यास तो अधिकार नाही.

साहेबांनी तो दुभाष्याकडून दोनदा वाचून घेतला. नियम त्यांच्याच खात्याने केला होता, त्यांच्या आधीच्या कुणीतरी, फार विश्वासाने.

“साहेब म्हणतात, तुला आम्ही कायम केलं. तू थोडं समजून घे.”

“केलंत ना? म्हणूनच खोडत नाही.”

साहेबांनी टाक खिशात घातला. काही बोलावं असं वाटून ते उगाच खिडकीपाशी, वहीवर पडणाऱ्या उन्हात, उभे राहिले. तिला दुपारची नोंद करायची होती. वारा वायव्येचा, मंद. दोन जहाजं, उत्तरेकडे. तिने टाक दौतीत बुडवला.

“त्यांना म्हणावं जरा सरका,” ती दुभाष्याला म्हणाली. “उजेड अडतोय.”